विचारले असते, तर मालिका संपली असती

टीव्हीवरच्या मालिकांचा विषय घरात निघाला की दोन तट पडतात. अब्बा आणि मुलगे म्हणतात, रडारड आहे नुसती, वेळेची बरबादी. अम्मी वाद घालत नाहीत. आवाज थोडा कमी करतात आणि पाहत राहतात. आपल्याकडच्या नियतकालिकांतून या विषयावर आजवर जे लिहून आले, ते बहुतेक पहिल्या तटाच्या बाजूने. मालिका संस्कार कसे बिघडवते, नमाजची वेळ कशी खाते, सुनांच्या डोक्यात काय काय भरवते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण आम्हाला कुतूहल वेगळे आहे. भाजीवाल्याकडे दोन रुपये जास्त न जाऊ देणारी, बचत गटाचा हिशोब तोंडपाठ असणारी, मुलांच्या थापा चेहऱ्यावरून ओळखणारी बाई रोज रात्री अर्धा तास अशी गोष्ट का पाहते, जिच्यात एकही माणूस शहाण्यासारखा वागत नाही?

मालिकेतले घर आठवून पाहा. तिथे दार कधी पूर्ण बंद नसते, किलकिले असते. बाहेरून जाणाऱ्याच्या कानावर नेमके अर्धेच वाक्य पडते, आणि ते चुकीचे अर्धे असते. चिठ्ठी ज्याच्यासाठी लिहिली त्याला सोडून इतर सर्वांच्या हाती लागते. खलनायिका एकटी असली की आपला डाव मोठ्याने बोलून दाखवते. नायिका निर्दोष असते आणि तिच्याकडे पुरावाही असतो, पण तो दाखवण्याच्या क्षणी ती चक्कर येऊन पडते किंवा सासऱ्यांच्या छातीत कळ येते. थप्पड एकच बसते, पण ती तीन बाजूंनी तीनदा दिसते. मग कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर आळीपाळीने जातो, अगदी कामवाल्या मावशींच्याही, आणि प्रत्येक तोंडागणिक ढोल वाजतो. तेवढ्यात भाग संपतो.

या सगळ्या क्लृप्त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घरातल्या कोणीतरी कोणालातरी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबायला हवे होते. ‘तू काल संध्याकाळी कुठे होतीस?’ एवढाच. तो विचारला असता तर मालिका त्याच भागात आटोपली असती. म्हणून तो कोणी विचारत नाही. उत्तर फक्त प्रेक्षकाला ठाऊक असते. सोफ्यावर बसलेली बाई खरे काय ते सगळे जाणते, पण तिची साक्ष नोंदवून घ्यायला त्या घरात कोणी नाही. ‘अरे, विचार ना तिला!’ असे ती टीव्हीकडे बघून म्हणते, आणि घरातले पुरुष हसतात.

ही रीत टीव्हीने शोधलेली नाही. मेलोड्रामा या शब्दातला ‘मेलो’ ग्रीक आहे, त्याचा अर्थ गाणे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी पॅरिसच्या नाट्यगृहांत हा प्रकार जोरात आला. पात्राला जे बोलता येत नाही ते वाद्यांनी सांगायचे, ही त्यातली युक्ती. मालिकेतला ढोल तिचाच वंशज. मराठी रंगभूमीवर १९१९ साली ‘एकच प्याला’ आले. त्यातली सिंधू दारुड्या नवऱ्याविरुद्ध अवाक्षर न काढता झिजत जाते. बालगंधर्वांची ती भूमिका पाहून घरी गेलेल्या आपल्या आज्या-पणज्या आणि आज टीव्हीसमोर डोळे पुसणाऱ्या अम्मी यांच्यात फार अंतर आहे असे आम्हाला वाटत नाही. मुंबईच्या पारशी रंगभूमीवर आगा हश्र काश्मिरींची उर्दू नाटके याच मसाल्यावर चालली. पुढे सिनेमात ‘मुस्लिम सोशल’ नावाची एक शाखाच निघाली. १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’ घ्या. लखनौचे घर, दोन जिवलग मित्र, पडद्यामुळे झालेली ओळखीची गल्लत. नवाबाचे मन जिच्यावर बसले तिच्याशीच नकळत अस्लमचा निकाह होतो. मग एक मित्र दुसऱ्यासाठी त्याग करायला निघतो आणि दुसरा पहिल्यासाठी जीव देतो. तुला काय हवे आहे, हे त्या जमीलाला मात्र अखेरपर्यंत कोणी विचारत नाही.

‘सोप’ हे नाव कुठून आले तेही सांगून टाकू. १९३० च्या दशकात अमेरिकेत दुपारी रेडिओवर घरगुती श्रुतिका लागायच्या. ऐकणाऱ्या बहुतांशी घरातल्या बायका, म्हणून जाहिराती साबणवाल्यांच्या. गोष्ट ऐकवायची ती साबण खपावा म्हणून, आणि साबण रोज लागतो म्हणून गोष्टही रोज हवी. न संपणारी कथा ही कोणा लेखकाची प्रतिभा नव्हे, ती विक्रीची गरज आहे. हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे बरेच कळते.

आपल्या देशात पहिली मोठी मालिका ‘हम लोग’, दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ पासून. मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने मालिकेतून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता. त्याच धर्तीवर आपल्या सरकारने ती करवून घेतली. लेखक मनोहर श्याम जोशी. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. त्यात भागवंती नावाची आई होती. नवरा दारुडा, सासू तापट, आणि ही सगळे मुकाट सोसणारी. प्रेक्षकांनी तिच्याकडे पाहून ‘असे सोसू नये’ हा धडा घ्यावा, अशी योजना होती. मालिकेवर लाखो पत्रे आली आणि नंतर संशोधकांनी प्रेक्षकांशी बोलून अभ्यासही केला. त्यात दिसले ते उलटेच. कितीतरी प्रेक्षकांना भागवंती हीच आदर्श स्त्री वाटली. अशीच आई हवी, अशीच सून हवी. सरकार, लेखक आणि अशोककुमार, तिघेही तिच्यापुढे हरले.

सोसणाऱ्या बाईची ही मोहिनी काय आहे? शेजारच्या भाभींना विचारा, त्या सांगतील की ती बिचारी खूप सहन करते. ‘सहन करते’ हे आपल्या भाषेत कौतुकाचे शब्द आहेत. आपल्या घरांत त्याला आणखी एक भारदस्त नाव मिळते: सब्र. मालिकेतली नायिका गप्प बसते, कारण ती बोलली तर कथा संपते. पाहणारी मात्र त्या गप्प बसण्याला सद्गुण समजते. लेखकाची अडचण ही नायिकेची नेकी होऊन बसते.

पाकिस्तानी मालिका आपल्याकडे पोचल्या तेव्हा आमच्या ओळखीच्या अनेक घरांत त्यांचे स्वागत वेगळ्याच आनंदाने झाले. तशा ऐंशीच्या दशकातल्या ‘तन्हाइयाँ’, ‘धूप किनारे’ यांच्या व्हिडिओ कॅसेट आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून कोकणातल्या घरांत येतच होत्या. पण जून २०१४ मध्ये झीने ‘जिंदगी’ वाहिनी सुरू केली आणि ‘जिंदगी गुलजार है’, ‘हमसफर’ या मालिका सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. हिंदी वाहिन्यांवर मुस्लिम घर अधूनमधून दिसायचे. दूरदर्शनवर काश्मिरी कुटुंबाची ‘गुल गुलशन गुलफाम’ येऊन गेली होती, २०१२ पासून झी टीव्हीवर ‘कबूल है’ चालू होती. पण बहुतेक ठिकाणी मुस्लिम घर म्हणजे झुंबर, शेरवानी आणि वाक्यागणिक ‘माशाअल्लाह’. ‘जिंदगी’वर पहिल्यांदा असे घर दिसले, जिथे महिनाअखेरीला पैसे संपतात, मुलगी बसने कॉलेजला जाते आणि आई ओट्याशी उभी राहून चहा पिते. सोलापूर-मिरजेकडच्या घरांत, जिथे उर्दू वाचता येत नाही पण समजते, तिथेही भाषा आड आली नाही. उरीच्या हल्ल्यानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये, वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या. प्रेक्षक यूट्यूबकडे वळले. २०२५ मध्ये पहलगामनंतर यूट्यूबवरची ती दारेही बंद झाली.

‘हमसफर’ मात्र ज्यांनी पाहिली ते विसरलेले नाहीत. मूळ कादंबरी फरहत इश्तियाक यांची, दिग्दर्शन सरमद खूसट यांचे, भाग फक्त तेवीस. हैदराबाद सिंधची गणितात हुशार मुलगी खिरद. आईच्या आजारपणात मामा तिचा निकाह आपल्या कराचीच्या श्रीमंत मुलाशी, अशरशी लावून देतात. सासू फरीदाला ही गरीब सून नको आहे. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे, किंवा पाहिली नसेल तरी ठाऊक आहे. सासू डाव रचते, खिजर नावाच्या तरुणाला हाताशी धरते, सुनेच्या चारित्र्यावर आळ येतो. अशर समोरचा देखावा पाहतो आणि निघून जातो. फरीदा तिला रात्री घराबाहेर काढते. ती गरोदर आहे. काही वर्षांनी खिरद परत येते, ती न्याय मागायला नव्हे. मुलीच्या हृदयाचे ऑपरेशन करायचे आहे आणि खर्च बापाने करायचा आहे, म्हणून.

या मालिकेत ढोल कमी आहे, चेहऱ्यांची परेड जवळजवळ नाही, संवाद हळू आवाजात आहेत. म्हणून लोकांना ती ‘आपल्या सास-बहूसारखी नाही’ असे वाटले. सांगाडा मात्र तोच आहे. आळ, दार, रात्र, निर्दोष बाई, बेखबर नवरा. अशरने बायकोला समोर बसवून एकदा विचारले असते, तर तेविसातले निम्मे भाग गळून पडले असते. अखेर सत्य कळते ते कटातल्या माणसांच्याच तोंडून. चौकशी केली म्हणून ते कळत नाही, आपोआप बाहेर येते.

आमच्या मते इथे खरी मेख आहे. सत्य आपोआप बाहेर येते, फक्त थांबावे लागते, हे मालिकेचे वचन आहे. पाहणाऱ्या बाईला ते गोड लागते, कारण तिच्या स्वतःच्या आयुष्यात एखादा तरी आळ असा असतो ज्याची सुनावणी कधी झाली नाही. लग्नातल्या दागिन्यांचा असेल, नणंदेच्या मोडलेल्या सोयरिकीचा असेल, किंवा ‘हिच्यामुळे मुलगा वेगळा झाला’ असा असेल. घरात यावर कोणी बसून विचारपूस करत नाही. वीस वर्षे तो आळ भिंतीवरच्या डागासारखा तसाच राहतो. टीव्हीवर निदान तेविसाव्या भागात तो पुसला जातो. १९८० च्या दशकात नेदरलँडमध्ये एका अभ्यासिकेने ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेच्या प्रेक्षकांकडून पत्रे मागवली होती. त्यांतून तिला जे दिसले ते जवळपास हेच: तेलसम्राटांचा तो वाडा, ते कपडे खोटे आहेत हे पाहणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, खऱ्या वाटत होत्या त्या भावना. वाडा खोटा आणि दुखणे खरे. आमच्या अम्मींना हे सांगायला अभ्यासिका लागली नसती.

रोजची मालिका आणि आठवड्याची मालिका यांत एक मोठा फरक आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. पाकिस्तानी मालिका बहुधा आठवड्यातून एकदा येते आणि पंचवीस-तीस भागांत आटोपते. सत्य कधीतरी कळणारच असते, तारीख ठरलेली असते. ‘मेरे पास तुम हो’चा शेवटचा भाग जानेवारी २०२० मध्ये पाकिस्तानात चित्रपटगृहांत लावला होता, शेवट असल्याशिवाय असे करता येत नाही. आपल्याकडची दैनंदिन मालिका मात्र साबणाच्या मूळ धर्माला जागते. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै २००० पासून नोव्हेंबर २००८ पर्यंत चालली, अठराशेच्या वर भाग. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तीन हजारांचा टप्पा ओलांडून गेली. इतक्या भागांत एका आळाची सुनावणी पुरत नाही. म्हणून एक सत्य उघडे पडले की लगेच दुसरा ‘ट्रॅक’ सुरू होतो, दुसरी चिठ्ठी, दुसरे किलकिले दार. ट्रॅक संपले की ‘लीप’, म्हणजे वीस वर्षांची उडी. सासू तशीच तरुण, सून नवी. मिहीर मेला, प्रेक्षक खवळले, तर मिहीर परत आला, स्मृती हरवून. ज्याला काही आठवत नाही त्याला विचारून उपयोग नाही, तेव्हा लेखकाची आणखी काही महिन्यांची सोय झाली.

यात लेखकांना दोष देऊन चालत नाही. हाताशी चार-पाच भागांची ‘बँक’ असते, कधी तीही नसते. दर गुरुवारी टीआरपीचा आकडा येतो आणि तो घसरला की शुक्रवारी कथा वळते. सकाळचा प्रसंग सकाळीच लिहून सेटवर येतो. अशा घाईत शांतपणे बोलणारी माणसे लिहायला वेळ कोणाकडे आहे? थप्पड लवकर लिहून होते.

या मालिकांनी नुकसानच केले असेही नाही, आणि हे पहिल्या तटाला सांगितले पाहिजे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात भारतातल्या खेड्यांत केबल पोचण्याआधीची आणि नंतरची माहिती तपासली. तो काळ सास-बहू मालिकांच्या ऐन भराचा. केबल आली त्या गावांत नवऱ्याने मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा वाटा वाढला, असे त्यांना आढळले. कारण काय असावे? तुळशी विराणी रडत असली तरी ती घराबाहेर जाते, सही करते, दिवाणखान्यात पुरुषांसमोर बोलते. खेड्यातल्या बाईने तिचे रडणे उचलले नाही, तिचे दिवाणखान्यात बसणे उचलले. प्रेक्षक काय घरी नेईल हे मालिकेच्या हाती नसते. ‘हम लोग’ला हवे होते एक आणि झाले दुसरे, तसेच इथेही, फक्त उलट्या दिशेने.

अरब देशांतली गोष्ट तर गमतीची आहे. ‘गुमुश’ नावाची तुर्की मालिका स्वदेशात बेताचीच चालली. २००८ मध्ये ती ‘नूर’ या नावाने सीरियन बोलीत डब होऊन एमबीसी वाहिनीवर आली आणि अरब घरांत वादळ उठले. सौदीच्या मोठ्या मुफ्तींनी तिच्याविरुद्ध मत दिले. वर्तमानपत्रांनी चर्चा केली ती नायकाच्या निळ्या डोळ्यांची. पण बायकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होते ते वेगळेच: तो बायकोशी प्रेमाने बोलतो, तिच्या कामात तिला साथ देतो. ज्या प्रकारची सगळी इमारत न विचारणाऱ्या नवऱ्यावर उभी आहे, तिथे विचारपूस करणारा नवरा आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. मालिकावाल्यांनी याचा विचार करावा असे सुचवावेसे वाटते, पण गुरुवार जवळ आलेला असतो.

आता आपल्या घरांशी थेट संबंध असलेल्या गोष्टीकडे येतो. उर्दू मालिकांत थपडेपेक्षाही उपयोगी पडणारी एक क्लृप्ती आहे: तलाक. नवरा रागाने लाल, बाहेर वीज, तीन शब्द, बायकोच्या हातून तसबीह निसटते, भाग समाप्त. पुढे पश्चात्ताप, मग हलाल्याचा घोळ, मग आणखी दहा भाग. नाट्याच्या दृष्टीने याला तोड नाही. तीन सेकंदांत सगळे उद्ध्वस्त. पण हे ज्या देशात घडताना दाखवतात, तिथल्याच १९६१ च्या कौटुंबिक कायद्यात तलाक दिल्यावर लेखी नोटीस द्यावी लागते, समेटासाठी लवाद बसतो आणि नव्वद दिवस उलटल्याशिवाय तलाक लागू होत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. कुरआनमध्येही इद्दत आहे, मुदत आहे, परत येण्याची वाट आहे. हा सगळा काळ विचार करण्यासाठी आणि विचारण्यासाठी ठेवलेला. मालिकेला नेमका हाच काळ नको असतो. इद्दतीचे तीन महिने पडद्यावर ‘काही दिवसांनंतर’ या पाटीत उडून जातात. आणि आमच्या पाहण्यातल्या कितीतरी मुलींना तलाक म्हणजे काय हे जे ठाऊक आहे, ते किताबातून नव्हे, या प्रसंगांतून. खुला मागता येतो, निकाहनाम्यात अटी घालता येतात, १९३९ च्या कायद्याने मुस्लिम पत्नीला न्यायालयातून निकाह रद्द करून घेता येतो, यावर मात्र आख्खी मालिका उभी राहिलेली आम्ही पाहिलेली नाही. वकिलाच्या कार्यालयात वीज चमकत नाही.

सूरह नूरमध्ये पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याकडे चार साक्षीदार मागितले आहेत. ते आणता आले नाहीत तर शिक्षा आळ घेणाऱ्यालाच. आळ खुद्द नवऱ्याचा असेल आणि साक्षीदार नसतील, तर दोघांनाही शपथेवर बोलण्याची संधी आहे, आणि बायकोने शपथेवर नाकारले की तिची शिक्षा टळते. म्हणजे तिचे बोलणे ऐकून घ्यावेच लागते. सूरह निसामध्ये नवरा-बायकोत बेबनाव झाला तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितले आहे. फरीदाच्या घरात हे केले असते तर? एक माणूस कराचीकडचा, एक हैदराबादचा, चहा घेत समोरासमोर बसलेले, खिजरला बोलावून घेतलेले. ‘हमसफर’ पाचव्या भागात उरकली असती. मेलोड्रामाचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही म्हणू, घरातला दोन्ही बाजू ऐकून घेणारा एक वडीलधारा माणूस. म्हणूनच मालिकेत असा सासरा लवकर मरतो. ‘हमसफर’मध्येही अशरचे वडील, खिरदच्या बाजूचे एकमेव माणूस, आळ येण्याआधीच अल्लाहला प्यारे झालेले असतात.

आणि सब्रबद्दल. कुरआनमधल्या अठ्ठावन्नाव्या सूरहचे नाव ‘मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी. खौला बिन्त सअलबा या आपल्या नवऱ्याची तक्रार घेऊन पैगंबरांकडे (स.) आल्या, मागे हटल्या नाहीत, आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले. एका बाईच्या तक्रारीवरून अख्ख्या सूरहला नाव पडले. टीव्हीवरच्या नायिकेच्या डोक्यावर दुपट्टा असतो, हातात तसबीह असते, ओठांवर सब्र असते. खौलांची हिंमत मात्र कोणत्या लेखकाला परवडत नाही.

मराठीत ‘आई कुठे काय करते’ने २०१९ मध्ये थोडे वेगळे सुरू केले होते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला अरुंधतीला नवऱ्याचे प्रकरण कळते आणि पुढे ती घटस्फोटापर्यंत जाते. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’. आपल्या वस्तीतही ती आवडीने पाहिली गेली. नाव अरुंधती की आयेशा, ओटा तोच. पाच वर्षे चालल्यावर तीही इतर मालिकांसारखीच झाली, साबणाला इलाज नाही. ‘जिंदगी गुलजार है’मधली रफिया आम्हाला अधिक आवडते. मुलगा हवा म्हणून नवऱ्याने दुसरे लग्न केले, पदरी तीन मुली. ती कसल्याही सत्याची वाट पाहत नाही. शाळेत नोकरी करते, शिकवण्या घेते, मुलींना शिकवते. तिच्या घरात कट नाही, चिठ्ठी नाही, आणि तरी उमेरा अहमद यांच्या लेखणीने सव्वीस भाग आपल्याला जागचे हलू दिले नाही.

‘हमसफर’च्या शेवटी अशर माफी मागतो आणि खिरद परत जाते. त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. धाकटीचे म्हणणे, जायलाच नको होते, ज्याने एकदा विचारले नाही तो पुन्हाही विचारणार नाही. मोठ्या सूनबाई म्हणतात, मुलगी लहान आहे, ऑपरेशन झालेले आहे, बोलणे सोपे असते. अम्मी दोघींचे ऐकून घेतात. मग म्हणतात, ‘ते राहू दे बाजूला. तिचा मेहर दिला होता का त्यानं? तेवीस भागांत कुणी विचारलं?’